कंपनीत पोरगं नेमकं काय करतं?



खरिपाच्या तोंडावर गावोगावी बैठका सुरू होतात. बियाणे, खते, पीकविमा यांची चर्चा आटोपली की पारावरचा विषय हळूच दुसरीकडे वळतो. अमक्याचा मुलगा हिंजवडीत लागला, तमक्याची मुलगी बंगलोरला गेली, अमुक लाखांचं पॅकेज मिळालं. मग कोणीतरी विचारतो, "पण तिथं तो करतो काय?" यावर सगळेच गप्प होतात. फार तर उत्तर येते, "काँप्युटरवर बसतो."

ज्या नोकरीसाठी आपण एकरभर रान गहाण टाकतो, बँकेचं शैक्षणिक कर्ज काढतो, त्या नोकरीची आपल्याला इतपतच माहिती असावी हे काही बरे नाही. नवीन वाण लावण्यापूर्वी आपण त्याचा कालावधी, पाणी, रोग आणि बाजारभाव विचारतो. मुलाच्या बाबतीत तेवढी चौकशी नको का? म्हणून आजचा हा लेख मोठ्या संगणक कंपनीतल्या नोकरीविषयी.

कंपनी म्हणजे केवढी?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, ही कंपनी १९६८ साली मुंबईत सुरू झाली. मार्च २०२५ अखेर तिच्याकडे ६ लाख ७ हजारांहून अधिक माणसे कामाला होती. आपल्याकडच्या कित्येक तालुक्यांची लोकसंख्याही एवढी भरत नाही. इन्फोसिसचा जन्म तर आपल्या पुण्यातलाच. १९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी दहा हजार रुपये भांडवलावर ती सुरू केली. ते दहा हजार सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले होते. पुढे १९८३ मध्ये कंपनी बंगलोरला गेली. आज तिच्याकडे एकूण तीन लाखांच्या वर माणसे आहेत. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या शिवारात औद्योगिक महामंडळाने जे संगणक उद्यान उभारले, तिथे या आणि अशा अनेक कंपन्यांच्या इमारती आहेत. कालपरवापर्यंत तिथे शेती होत होती.

यांचे काम आपल्या रोजच्या व्यवहारातही आहे. पासपोर्ट सेवा केंद्राची व्यवस्था टीसीएसने उभी केली. स्टेट बँकेत आपले पासबुक ज्या प्रणालीवर चालते ती टीसीएसची. आयकर विवरणपत्र भरण्याचे २०२१ सालचे संकेतस्थळ इन्फोसिसने तयार केले. मात्र यांचा मोठा धंदा परदेशी आहे. अमेरिकेतली, युरोपातली बँक, विमा कंपनी, दुकानांची साखळी यांचे संगणकाचे काम इथे बसून करायचे आणि डॉलरमध्ये बिल लावायचे, असा तो व्यवहार आहे.

हजेरीवर की उक्ते?

हे बिल कसे लागते ते समजले की पुढचे सगळे समजते. आपण ऊसतोड किंवा विहिरीचे काम दोन प्रकारे देतो, उक्ते किंवा हजेरीवर. कंपन्यांचेही तसेच. काही कामे ठरावीक रकमेला उक्ती घेतली जातात. काही कामांत किती माणसे किती तास राबली याची हजेरी लावून गिऱ्हाईकाकडून पैसे घेतात. त्यामुळे आपला मुलगा 'बिलावर' आहे की नाही, याला कंपनीत फार महत्त्व असते.

बिलावर नसलेल्या माणसाला 'बेंचवर आहे' असे म्हणतात. दावणीला बांधलेल्या बैलाला वैरण तर घालावीच लागते, औताला मात्र तो नसतो. मालकाला ते परवडत नाही. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियमच केला की प्रत्येकाने वर्षातले किमान २२५ दिवस बिलाचे काम केले पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. मुलगा फोनवर "सध्या प्रोजेक्ट नाही" म्हणाला, तर "मग आराम आहे की!" असे म्हणू नका. त्या दिवसांत त्याच्या जिवाला घोर असतो.

पहिले सहा महिने

नवीन भरती झालेल्या मुलांना आधी शिकवले जाते. इन्फोसिसचे म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र शेकडो एकरांवर आहे. वसतिगृह, वाचनालय, खेळाची मैदाने, पोहण्याचा तलाव असे सगळे तिथे आहे. गावाकडून गेलेल्या पोराला पहिले आठ दिवस स्वप्नात असल्यासारखे वाटते. पण नंतर परीक्षा सुरू होतात आणि त्या पास व्हाव्याच लागतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आले. तीन वेळा संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीने सांगितले. त्यांतल्या बऱ्याच मुलांनी नेमणुकीचे पत्र मिळाल्यावर रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षे वाट पाहिली होती. तेव्हा मंडळी, पत्र हाती आले म्हणजे पीक घरात आले असे समजू नका. पीक अजून रानात उभे असते. पेढे जरूर वाटा, पण त्या पत्राच्या भरवशावर ट्रॅक्टरचे कर्ज काढू नका.

दिवस कसा जातो?

सकाळी गळ्यातले कार्ड दारावर टेकवून आत जायचे. ते कार्ड म्हणजेच मस्टर. दहा-पंधरा जणांची एक टोळी असते, तिला 'टीम' म्हणतात. रोज पंधरा मिनिटांची उभ्या उभ्या बैठक होते. काल काय केले, आज काय करणार, अडले कुठे, एवढे प्रत्येकाने सांगायचे. कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक कामाला क्रमांक असतो आणि कोणाकडे काय बाकी आहे ते सगळ्यांना पडद्यावर दिसते. इथे लपाछपी चालत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पोरगा बसून नवीन काही शोध लावतो असा आपला समज असतो. तसे क्वचित होते. बहुतेक वेळा दहा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेल्या प्रणालीत दुरुस्ती करायची असते. आजोबांनी खोदलेल्या विहिरीला आपण जसा आडवा बोअर मारतो, कड ढासळली तर बांधून घेतो, तसेच हे. कुठे हात लावला तर कुठे ढासळेल याचा नेम नसतो. म्हणून लिहिलेले काम दुसरा सहकारी तपासतो, मग चाचणी घेणारे तपासतात, आणि त्यानंतरच ते चालू प्रणालीत जाते. आपल्याकडच्या सावडीसारखा हा प्रकार आहे. आज तू माझे बघ, उद्या मी तुझे बघतो.

एकेका कामावर किती माणसे असतात, याचेही उदाहरण देतो. जून २०२१ मध्ये आयकराचे नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्यात पुष्कळ अडचणी निघाल्या. ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला दिल्लीला बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली. त्या वेळी साडेसातशेहून अधिक माणसे त्या कामाला लागली होती. अशा कामात एकाच्या वाट्याला एखादा रकाना येतो, एखादी आकडेमोड येते. सगळी इमारत त्याला दिसतही नाही. म्हणून "तू काय बनवलंस ते दाखव" असे म्हटले की पोरगा गोंधळतो. तो खोटे बोलत नसतो, पण दाखवण्यासारखे त्याच्या हातात काही नसते.

रात्रीची पाळी

न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. गिऱ्हाईक तिकडे कामावर येतो तेव्हा आपल्या पोरांची घरी जायची वेळ झालेली असते. मग बैठक सुरू होते आणि जेवण नऊला, दहाला. त्याशिवाय 'ऑन-कॉल' नावाची पाळी असते. आठवडाभर फोन उशाशी ठेवून झोपायचे. रात्री दोनला प्रणाली बंद पडली की उठून सुरू करायची. ज्यांनी रात्रीच्या विजेवर थंडीत दारे धरली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपण निदान बांधावर फिरतो, तो खुर्चीतून उठत नाही. पाठ, मान, डोळे आणि झोप या चार गोष्टी पहिल्या दोन-तीन वर्षांतच तक्रार करू लागतात. वयाच्या तिशीत रक्तदाबाची गोळी सुरू झालेली मुले दिसतात, ती उगीच नव्हेत.

साहेब म्हणायची पद्धत नाही

या कंपन्यांत चांगलेही पुष्कळ आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पगार ठरल्या तारखेला खात्यात जमा होतो. वरिष्ठाला नावाने हाक मारतात, साहेब-साहेब करावे लागत नाही. जात, गाव, वशिला यांपेक्षा काम बघितले जाते. मुलींना २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते, रात्री उशीर झाला तर घरी पोहोचवायला गाडी असते. आरोग्य विमा असतो, काही ठिकाणी थोडी रक्कम भरून आई-वडिलांनाही त्यात घेता येते. हे तुमच्या मुलाला जरूर विचारा, कारण मोतीबिंदूपासून बायपासपर्यंत त्याचा उपयोग होतो.

मात्र एक अडचण गावाकडच्या मुलांना हमखास येते, ती इंग्रजीची. काम येत असते, पण बैठकीत तोंड उघडत नाही. मग काम याचे आणि सांगणारा दुसराच, असे होते. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला श्रेणी मिळते. त्या श्रेणीवर पगारवाढ आणि बढती अवलंबून असते. न बोलणारा तिथे मागे पडतो. म्हणून मुले शाळेत असतानाच त्यांना चारचौघांत उभे राहून बोलायची सवय लावा. ग्रामसभेत एखादा ठराव त्यांच्याकडून वाचून घ्या. आधी मराठीत बोलायची भीड मोडली की इंग्रजीतली मोडायला सोपे जाते.

पॅकेजचा हिशेब

आता मुद्द्याचे बोलू. 'पॅकेज' म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. पूर्वी सालगड्याचे साल ठरवताना रोख रक्कम, धान्य, कपडे, चपला असे सगळे मिळून बोलणे होत असे. पॅकेज तसेच असते.

समजा पॅकेज ३ लाख ६० हजार आहे. म्हणजे कागदावर महिना ३० हजार. यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो. मूळ पगार १५ हजार धरला तर १२ टक्क्यांप्रमाणे ते झाले १८०० रुपये. ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० धरलेले असतात. कामगिरीवर मिळणारी बदलती रक्कम असते, ती दोन हजार धरू. ही रक्कम उसाच्या शेवटच्या हप्त्यासारखी असते. मिळाली तर मिळाली, आधी खर्चात धरायची नाही. राहिले २५ हजार ४८०. त्यातून मुलाच्या हिश्शाचे निधीचे १८०० आणि व्यवसायकराचे २०० जातात. विम्याचे काही गेले की हातात साधारण २३ हजार पडतात. त्यात पुण्यातली खोली, खाणावळ, प्रवास आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता. आता तुम्हीच सांगा, गावी किती येणार?

आणखी एक गोष्ट. या मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या साध्या पदवीधराचा पगार गेली दहा-पंधरा वर्षे तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. महागाई मात्र थांबलेली नाही. वर्तमानपत्रात जे वीस-चाळीस लाखांचे आकडे येतात, ते मोजक्या मुलांचे, मोजक्या महाविद्यालयांतले आणि बहुधा गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांचे असतात. त्या आकड्यातही कंपनीचे शेअर मिळवलेले असतात आणि ते चार वर्षांत थोडे थोडे हातात येतात.

नोकरी कायमची का?

आपल्या मनात नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, एकदा लागली की निवृत्तीपर्यंत. इथे तसे नाही. कॅलिफोर्नियात १९९८ साली स्थापन झालेली गूगल कंपनी माणसांना फुकट जेवण आणि नाना सोयी देण्याबद्दल जगभर नावाजली गेली. त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अमेरिकेत अनेकांना ते ई-मेलनेच कळले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसे कमी करणार असल्याचे सांगितले. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक अधिक होते. म्हणजे चाळिशीतले, घराचे हप्ते डोक्यावर असलेले. सप्टेंबर २०२५ अखेर कंपनीची माणसे ५ लाख ९३ हजारांवर आली.

जी मुले अमेरिकेत एच-१बी परवान्यावर आहेत त्यांची स्थिती आणखी नाजूक असते. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अशा नव्या परवान्यासाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. तेव्हापासून कंपन्या माणूस तिकडे पाठवताना दहा वेळा विचार करू लागल्या.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी सांगितले की कंपनीत नव्याने लिहिल्या जाणाऱ्या संगणकीय आज्ञांपैकी पाव भागाहून अधिक यंत्रच लिहिते आणि अभियंते ते तपासून घेतात. मळणीयंत्र आले तेव्हा खळ्यावरची माणसे कमी झाली, पण यंत्र चालवणारा आणि दुरुस्त करणारा लागलाच. इथेही पाट्या टाकणाऱ्याचे काम आधी जाईल, डोके चालवणाऱ्याचे राहील. म्हणून केवळ पदवीचा कागद नव्हे, तर शिकत राहण्याची सवय हेच खरे बियाणे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, नोकरीसाठी कोणाला पैसे देऊ नका. या मोठ्या कंपन्या नोकरी देताना एक रुपयाही घेत नाहीत आणि त्या तसे जाहीरपणे सांगतात. "आतला माणूस आहे, दोन लाखांत काम होईल," असे म्हणणारा भामटा समजावा. अनामत, लॅपटॉपचे पैसे, प्रशिक्षण शुल्क अशा नावाने मागणी आली तर सरळ पोलिसांत जावे.

दुसरी, नेमणुकीच्या पत्राबरोबरचा करार मुलाकडून वाचून घ्या. काही कंपन्या ठरावीक मुदतीपूर्वी सोडल्यास रक्कम भरून घेण्याची अट घालतात. नोकरी सोडताना बऱ्याच ठिकाणी ९० दिवस आधी कळवावे लागते.

तिसरी, शिक्षणासाठी जमीन विकण्याआधी सवलती तपासा. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून मुले यातून बाहेर राहतात. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि सरपंचांना विनंती, की प्रवेशाच्या दिवसांत एक दिवस गावातच बसून हे दाखले मार्गी लावावेत. एका दाखल्याने एकराचा तुकडा वाचू शकतो.

चौथी, घरातल्या बोलण्याची. पोराला नोकरी लागली की बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, भावाचे शिक्षण असे सगळे ओझे एकाच खांद्यावर येते. त्याने आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा, मगच गावी पैसे पाठवावेत, असे तुम्हीच त्याला सांगा. आपण पुढच्या पेरणीचे बी राखून मगच धान्य विकतो की नाही? आणि कधी नोकरी गेलीच, तर त्याला गावात तोंड लपवायची पाळी येऊ देऊ नका. गारपिटीने द्राक्षबाग गेली तर आपण बागायतदाराला नालायक म्हणत नाही. पुढच्या हंगामाची छाटणी धरायला त्याच्याबरोबर उभे राहतो. हीच मुलेही आपलीच आहेत.

तेव्हा येत्या रविवारी फोन आला की पगार किती वाढला हे नंतर विचारा. आधी एवढेच विचारा, "या आठवड्यात रात्रीची पाळी होती का रं? झोप झाली का?" मग तो स्वतःहूनच सांगेल की कंपनीत नेमके काय करतो ते.